पायाळूचा थंड पाय

नंदाकाकू पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याआधी पाय बाहेर काढून जन्माला आलेली. आमच्या वाडीत, आणि एकट्या आमच्याच नाही, पार टेंभुर्णीपर्यंतच्या वाड्यावस्त्यांत, अशा माणसाच्या पायाला गुण असतो असं मानतात. कुणाच्या कमरेत उसण भरली, कुणाच्या मांडीत चमक निघाली, की तो माणूस दिवस उगवायच्या आत काकूच्या अंगणात जाऊन पालथा पडतो. काकू उजव्या पायाचा अंगठा दुखऱ्या जागेवर टेकवते, टाचेने एक लाथ मारते आणि ‘ऊठ’ म्हणते. माणूस उठतो. उसण आपली आपणही उतरतेच, पण हे बोलून दाखवायला अंगणात कुणी नसतं.

काकू पैसे घेत नाही. तिला नारळ चालतो, आणि लोकांनी पाया पडलेलं फार आवडतं. ती स्वतः मात्र कुणाच्याही पाया पडत नाही. पायाळू वाकली की पायाचा गुण जातो, असा नियम तिने कधीतरी स्वतःच केला आणि वाडीने तो मान खाली घालून पाळला. लग्नात नवरा-नवरी तिच्या पाया पडतात आणि ती थोरल्या सासूसमोरही ताठ उभी असते.

या बाईचा मी मनापासून द्वेष करते. सरकारी नोकरीत आहे, समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रात बसते, सगळ्यांशी गोड बोलायचं प्रशिक्षण घेतलेलं आहे, तरीही करते. लपवण्यात अर्थ नाही, वाडीतल्या कोंबड्यांनाही ते ठाऊक आहे.

कारण माझे वडील. त्यांचं नाव सांडू, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मी शाळेत होते तेव्हा भोकरदनच्या बाजारातून येताना त्यांची मोटारसायकल घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. पायाला प्लास्टर घातलं. ते निघाल्यावर काही दिवसांनी पोटरी दुखायला लागली. हाड जुळलंय, आता नस आखडली असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. घरात पायाळू भावजय असताना दवाखाना कशाला, म्हणून दादा सकाळी काकूच्या अंगणात गेले. काकू त्यांच्या चुलतभावाची बायको, म्हणजे घरचीच. तिने पाय ठेवला, दाबला, टाच मारली. दादा उठले, हसलेसुद्धा. आमच्या उंबऱ्यापर्यंत चालत आले आणि तिथे छाती धरून खाली बसले. त्यांना श्वास घेता येईना. गाडी काढेपर्यंत संपलं होतं.

एवढंच असतं तर मी काकूला कदाचित अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. पण दहाव्याला जमलेल्या बायकांत ती बोलली. म्हणाली, माझ्या पायाने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही. सांडूने घरातलाच उतारा ओलांडला. घरातला उतारा म्हणजे घरातल्या बाईने ओवाळून टाकलेला. घरात बाई एकच होती, माझी माय, आसरा.

तेवढं पुरलं. त्यानंतर कुणी बाळंतिणीच्या खोलीत मायला जाऊ दिलं नाही. लग्नाच्या घरी सगळ्या बायका पुरण वाटायला बसल्या, की मायच्या हातातला वरवंटा हळूच काढून घेतला जायचा. हापशावर ती आली की बायका लेकरांना पदराखाली ओढायच्या. मायने कधी भांडण केलं नाही. मेंढरं घेऊन सकाळी जायची, सांजेला यायची, आणि मला शिकवायचं हे एक धरून बसली. मला मात्र तिच्या गप्प बसण्याचाही राग यायचा.

पुढे संभाजीनगरला नर्सिंगला असताना एका तासाला बाईंनी फळ्यावर पायाचं चित्र काढलं. हाड मोडून पाय बरेच दिवस हलला नाही की आतल्या शिरेत रक्ताची गाठ धरू शकते, म्हणाल्या. एकच पोटरी सुजते, गरम लागते, दुखते. असा पाय चोळायचा नाही, दाबायचा नाही, थेट दवाखान्यात न्यायचा. कारण ती गाठ सुटली तर वर छातीत जाते आणि फुप्फुसात अडकते. मी वही मिटली. दादा कशाने गेले ते मला त्या बाकावर कळलं. घरी येऊन मायला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हणाली आणि मेंढरं सोडायला गेली.

मी नेमणूक मागून आमच्याच उपकेंद्रात घेतली. लोक म्हणाले, पोरीला गावाची ओढ आहे. ओढ कसली, मला काकूचं अंगण ओस पाडायचं होतं. पाय दुखतो म्हणून कुणी आलं की मी त्याला खोदून खोदून विचारते. एकच दुखतो की दोन्ही? एकदम सुरू झालं की हळूहळू? सूज आहे का, गरम लागतो का, की उलट गार पडलाय? ताप आहे का? वजन उतरलंय का? पायात बधिरपणा, लघवी अडकणं, बसायच्या जागी काही न कळणं? निजल्यावरही दुखतं का? मग दोन्ही पाय उघडे करून शेजारी-शेजारी बघते आणि घोट्याखालची नाडी बघते. दुखरा पाय बहुतेक वेळा साधाच असतो, गोळी आणि आराम यावर बरा होतो. पण ज्याचा साधा नसतो त्याला मी त्याच दिवशी गाडीत बसवते. काकूने यावर माझी टिंगल सुरू केली. पूर्वी पाय दुखला तर पाय लागायचा, आता पोलिसासारखी चौकशी लागते, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. लोक हसायचे आणि आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे यायचे.

या माघात एका सकाळी काकूची सून वंदना उपकेंद्रात धावत आली. आत्याबाईंचा पाय दुखतोय, म्हणाली, तांबडं फुटल्यापासून. कोणता, विचारलं, तर उजवा. तोच. मग भारत कुठेय म्हणून विचारलं. भारत म्हणजे काकूचा मुलगा. घरात जीप आहे. वंदनाने खाली मान घालून सांगितलं, की तो भोकरदनच्या पलीकडे कुठल्याशा गावी पायाळू माणूस आणायला गेलाय. आत्याबाईंना स्वतःलाच लाथ मारता येईना, म्हणून.

मला हसू आलं, ते मी तोंडातच ठेवलं आणि बॅग उचलली.

अंगणात बायका गोळा झाल्या होत्या. काकू बाजेवर, पायाशी फडक्यात गुंडाळलेली तापलेली वीट. मी वीट काढली तर टाचेला मोठा फोड आलेला, आणि काकूला त्याचा पत्ताच नव्हता. पाय गुडघ्याखाली पांढरा पडला होता, हाताला गार. डावा पाय चांगला ऊन होता. मी पावलावर बोटं ठेवली, घोट्यामागे ठेवली, गुडघ्याच्या खोबणीत ठेवली. डाव्या पायात नाडी लागत होती, उजव्यात कुठेच नाही. मनगटाची नाडी धरली तर ती वेडीवाकडी, अडखळत चाललेली. अंगठा हलवा म्हटलं. काकूने जोर केला, कपाळावर घाम आला, अंगठा जेमतेम थरथरला.

दुखणं एकदम सुरू झालं होतं. पाय गार, पांढरा, बधिर, नाडी बंद. तिच्या अडखळणाऱ्या हृदयात तयार झालेली गाठ सुटून पायाच्या धमनीत अडकली होती. दादांची गाठ पायातून छातीत गेली, हिची छातीतून पायात आली. आता पुढच्या काही तासांत मोठ्या दवाखान्यात ती गाठ काढली तर पाय राहील, नाही तर कापावा लागेल.

हे कळलं तेव्हा मला आधी आनंद झाला. पोटातून वर येणारा, लाज वाटावी असा आनंद. लाज वाटली नाही.

मी गोठ्यामागे गेले आणि आधी दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. गाडी टेंभुर्णीला होती, निघते म्हणाले. मग आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना लावला. त्यांनी माझं ऐकून घेतलं, एक गोळी द्यायला सांगितली आणि संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात कळवतो म्हणाले. माझ्या हातात होतं ते सगळं मी केलं, एक मिनिट वाया घालवलं नाही. पगार खाल्ला आहे तर नोकरी बजावायची. पण गाडी यायला वेळ होता, आणि तो वेळ माझा होता.

परत आले, काकूला गोळी दिली, पाय सैल कापसात गुंडाळला, कुणी चोळायचा नाही आणि शेकायचा नाही म्हणून बायकांना बजावलं. फोन केल्याचं मात्र कुणाला बोलले नाही. वंदनाला म्हटलं, माझ्या मायला बोलावून आण. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दादा गेले त्या दिवसापासून माय त्या अंगणात आली नव्हती.

माय आली, पण आत शिरली नाही. काट्याच्या कुपाजवळ, कुंपणाबाहेरच, हातात काठी धरून उभी राहिली. मी कापूस सारून काकूच्या पावलावर पुन्हा एकदा नाडी बघितली, मग बाजेच्या समोर बसले आणि मोबाइल मांडीवर ठेवला.

“काकू, हा पाय आज संभाजीनगरला गेला न्हाई तर काळा पडंल. मंग मांडीपासून कापतेत. गाडीला फोन करायचा तर मलाच करावा लागंल. पण त्याच्या आधी मला सांगा, माह्या दादाचा पाय तुम्ही बघितला तव्हा कसा होता?”

काकूने माझ्याकडे अशी नजर टाकली की एरवी कुणीही उठून गेलं असतं. गेलेल्या माणसाचं आता काय उकरायचं, म्हणाली. मी फोन उलटा करून ठेवला. बायकांत कुजबुज झाली. एक म्हातारी मला म्हणाली, पोरी, ही वेळ आहे का. मी म्हटलं, हीच आहे. वंदना रडायला लागली. तिचं मला वाईट वाटलं, पण थांबावं इतकं नाही.

काकूने पुन्हा अंगठा हलवून बघितला. या वेळी तो थरथरलाही नाही.

“सुजेल होता,” ती म्हणाली.

“मोठ्यानं सांगा.”

“पोटरी सुजेल होती. गरम लागत होती. आसरा हळूच म्हणली होती मला, बाई, पाय लावू नका, त्याहिची पोटरी तापून राह्यली. माह्या पायाला धरलं होतं तिनं, लोकायला वाटलं पाया पडती. मी तिला बाजूला सारलं.”

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मायने कधी सांगितलं नव्हतं. मी कुपाकडे वळून बघितलं. माय काकूच्या तोंडाकडे नाही, तिच्या पायाकडे बघत होती.

मी पुन्हा काकूकडे वळले. “मंग का लावला?”

“अंगणात माणसं उभी होती. माघारी धाडला असता तर म्हणले असते, पायाळूला जमत न्हाई.”

“आन् उतारा?”

काकूने डोळे मिटले. “उतारा न्हवता. कुणीच टाकला न्हवता. आसरानं मला आडवलं होतं, ते ती बोलली असती तर माह्यावर आलं असतं. म्हणून मीच आधी बोलले.”

ज्या बायकांनी मायच्या हातातला वरवंटा काढून घेतला होता, त्या सगळ्या तिथे होत्या. मी एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. मला हेच हवं होतं, आणि मी ते पोटभर घेतलं.

तेवढ्यात वाडीच्या रस्त्यावरून गाडीचा भोंगा ऐकू आला. टेंभुर्णीहून गाडी अशी फोन न करता येत नाही, हे हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं. काकूच्याही आलं. तिने डोळे उघडले.

“तू आधीच फोन केल्ता.”

“केल्ता,” मी म्हटलं.

आयुष्यात एखादा शब्द उच्चारायला मला इतकं बरं वाटलं नव्हतं. कसली धमकी नव्हती, कसली अडवणूक नव्हती. ती गप्प बसली असती तरी गाडी येणारच होती. तिने उगाचच सगळं सांगून टाकलं, चारचौघींत, दिवसाढवळ्या.

काकूला गाडीत घातलं, वंदना बरोबर गेली. भारतची जीप वाटेत आडवी आली, तो तिथूनच त्यांच्या मागे वळला. त्याने आणलेला पायाळू माणूस फाट्यावर उतरून चालत वाडीत आला आणि लाथ कुणाला मारायची म्हणून विचारत फिरत होता. कुणीतरी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पाय वाचला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी गाठ काढली, रक्त खाली उतरलं. बातमी आली तेव्हा खरं सांगते, मी थोडी हिरमुसले. मग माझ्याच हाताने तिच्यासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्यांची सोय केली, कारण ते माझं काम आहे.

दरम्यान वाडी बदलली. बायका आमच्या दाराशी यायला लागल्या. एकीने आपलं तान्हं मायच्या मांडीवर ठेवायला आणलं. मायने बसल्या जागेवरून सांगितलं, माझे हात शेणाचे आहेत. हात स्वच्छ होते. दुसरीने घरच्या लग्नाचं पुरण वाटायचं आवतण दिलं. माय म्हणाली, मेंढरं कोण राखील. मला वाटलं होतं तिचा चेहरा उजळेल, ती रडेल, माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. तसलं काही झालं नाही.

काकू दवाखान्यातून आली आणि तिने निरोप पाठवला: आसराच्या पाया पडायला येते. वाडीत दुसरा विषय राहिला नाही. जी बाई सासूसमोर वाकली नाही ती मायसमोर वाकणार होती. माझ्या डोक्यातल्या हिशेबात एवढंच राहिलं होतं. मी त्या दिवशी उपकेंद्रातून लवकर निघाले आणि ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसले. सगळं नीट दिसावं म्हणून.

भारतने जीप दाराशी आणली. काकू उतरली, काठी टेकत, उजवा पाय जपत आली. मागे बायकांचा घोळका. माय ओट्यावर पाय सोडून ज्वारी पाखडत होती. काकू समोर उभी राहिली, काठी सुनेकडे दिली आणि कमरेतून वाकायला लागली.

मायने सूप बाजूला ठेवलं आणि दोन्ही पाय वर घेऊन लुगड्याखाली घातले.

“थांब,” ती म्हणाली. थोरल्या जावेला ती जन्मात कधी एकेरी बोलली नव्हती.

मग ती स्वतःच ओट्यावरून पुढे झुकली आणि तिने काकूच्या उजव्या पायावर हात ठेवला. घोळक्यातून ‘अगं बाई’ असं काहीतरी निघालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं सगळं होऊन अजून हीच त्या बाईच्या पायाला हात लावते, म्हणून मी खुर्चीवरून उठलेसुद्धा. मग मला मायची बोटं दिसली. मी जिथे नाडी बघते तिथेच, पावलाच्या वर, तिने ती टेकवली होती. त्या दिवशी कुपाजवळून ती हेच बघत होती.

तिने बोटं बराच वेळ तशीच ठेवली. मग हात काढला आणि पदराला पुसला.

“ऊन आहे,” ती म्हणाली. “माह्या पोरीनं तुझ्या पायाला हात लावून बघितलं. तू माह्या नवऱ्याचा पाय बघितला, आन् तरी लाथ मारली.”

काकू अर्धवट वाकलेलीच होती. तिला वर होता येईना आणि खालीही जाता येईना. ती म्हणाली, “आसरा, पाया पडू दे मला.”

“न्हाई. तू पाया पडली की तुझं मन हलकं हुईल. ते मी हुऊ देणार न्हाई.” मायचा आवाज चढलेला नव्हता, मेंढरं मोजताना असतो तसाच होता. “चालता येतं ना तुला आता? मंग जीपमधी बसू नको. आल्या वाटंनं चालत जा घरी.”

भारत जीपचं दार उघडून उभा होता, त्याने ते लावलं. काकू सरळ झाली, सुनेच्या हातातली काठी घेतली आणि वळली. तिला वाट द्यायला घोळका दोन बाजूंना झाला. वाडीतल्या सगळ्या दारांवरून ती वाट जाते.

मी उभीच होते. इतकी वर्षं मी समजत होते की राग माझा आहे आणि माय सोसणारी आहे. मी म्हटलं, माय, तू मला कधी सांगितलं का नाहीस, तू तिचा पाय धरला होतास म्हणून.

“धरला होता,” ती म्हणाली. “पण सोडला.”

तिने सूप पुन्हा घेतलं आणि ज्वारी पाखडायला लागली. काकू वळणाआड गेली, बायका पांगल्या, मेंढरं ओरडायला लागली. तरी मायने पाय लुगड्याखालून बाहेर काढले नाहीत.